खाडीचे दोर, पडेगावचं ऊन

सर सप्टेंबरात गेले. मंगळवार होता. दुपारी भाभींचा, सरांच्या बायकोचा, फोन आला. "ते गेले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "गच्चीवरच्या दोरांचं काय करायचं?"

मला राग आला. भाभींचा नव्हे, सरांचा. मरतानासुद्धा या माणसाने आमच्यासाठी दोरच मागे ठेवले होते. गेली कितीतरी वर्षं त्यांच्याशी माझं जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं त्या दोरांवरून झालेलं भांडण होतं. आता भांडायला समोर माणूस नव्हता आणि दोर तेवढे शिल्लक होते.

हे दोर कसले, ते आधी सांगायला हवं. दक्षिण कोकणातल्या एका खाडीत काही बायका मिळून शिंपल्यांची शेती करतात. हिरव्या कवचाचे, बोटाएवढे लांब शिंपले. तिकडे त्यांना शिनाणे म्हणतात. पाण्यावर बांबूचा तराफा तरंगत असतो, त्याला दोर टांगलेले असतात. खडकांवरून खरवडून आणलेली शिनाण्यांची पिल्लं, म्हणजे बी, मच्छरदाणीच्या सुती कापडात गुंडाळून त्या दोरांना बांधतात. कापड कुजून जाईपर्यंत पिल्लांनी दोर धरलेला असतो. पावसाळा संपला की लावणी, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढणी. काढणीनंतर रिकामे दोर उरतात. चिखलाने, मेलेल्या जिवांनी आणि शेवाळाने माखलेले. ते दोर सर औरंगाबादला आणायचे. वाळवायला.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी त्याच विभागात नवीन लागले तेव्हा मला किड्यांच्या वर्गीकरणात रस होता. त्यासाठी जाड पुस्तकं, एक भिंग आणि शांतता एवढंच लागतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला विचारलं, "बाई, पोहता येतं का?" मी नाही म्हटलं. "हरकत नाय. गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं ना?" तिथून माझी शांतता संपली.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात बसून हा माणूस समुद्राची काळजी करत असे, आणि तीही एकाच गोष्टीची. नखाएवढा, काळपट, परदेशी असा एक शिंपला आहे. जहाजांच्या तळाला चिकटून तो आपल्या बंदरांत आला. बोट, खांब, दोर, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, जे मिळेल त्यावर तो बसतो, आणि एकदा बसला की त्याची सतरंजी होते. खालचं शिनाण्यांचं बी गुदमरून मरतं. खारं, मचूळ, गोडं, कुठलंही पाणी त्याला चालतं. पाण्याबाहेर काढला तर तोंड मिटून दिवसचे दिवस वाट बघतो. त्यामुळे दोर धुतला म्हणजे तो मेला असं होत नाही. तो मरतो फक्त कडकडीत वाळण्याने. या खाडीतला ओला दोर त्या खाडीत गेला की त्याच्यासोबत तोही जातो. बंदराकडच्या खाडीत तो पोचला होता. बायकांच्या खाडीत पोचला नव्हता. तो तिथे पोचू द्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी सर जगत होते असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. आमच्या विभागातल्या कुणाला वाटणार नाही.

स्टाफरूममध्ये कुणीतरी गंमतीने त्या शिंपल्याला पाव्हणा म्हणायचं. "काय सर, पाव्हणा काय म्हणतो?" सर चहाचा कप खाली ठेवायचे.

"पाव्हणा म्हणू नका. पाव्हणा जातो. हा जात नाय."

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नक्को. नाव ठेवलं की माणसाला माया येती."

ओल हा सरांचा शत्रू होता आणि ती त्यांना सगळीकडे दिसायची. प्रयोगशाळेतल्या बादल्या उपड्या, जाळ्या दोरीवर, हातमोजे खिळ्याला. एका टाकीतली जाळी दुसऱ्या टाकीत बुडवणाऱ्या विद्यार्थ्याला ते वर्गाबाहेर काढत. एवढं ठीक होतं. पण पावसात दारात थांबून ते प्राध्यापकांच्या छत्र्याही काढून घेत आणि व्हरांड्यात उघडून वाळत घालत. गणिताच्या एका बाई त्यामुळे तीन वेळा दुसऱ्याचीच छत्री घेऊन घरी गेल्या. कँटीनमध्ये चहा ओतण्याआधी ते कप खिशातल्या रुमालाने कोरडा करत. कँटीनवाला चिडायचा. "सर, धुतलेला हाय की!"

"म्हणून तर पुसतो. ओल्यावर भरोसा नाय."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. बदलीची ऑर्डर आली तरी, जावई चांगला निघाला असं कुणी सांगितलं तरी, निवडणुकीचा निकाल लागला तरी. समोरच्याला अर्थ लागो न लागो, ते म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

ते खुलताबादचे. वडील तिथे शाळेत शिकवत. पोलिस ॲक्शननंतर शाळेची भाषा उर्दूची मराठी झाली तेव्हा त्या गृहस्थांनी चाळिशीत नव्याने मराठी मुळाक्षरं गिरवली आणि पुढच्या वर्षी त्याच भाषेत वर्ग घेतला. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याला त्यांनी घरीच शुद्धलेखन घातलं. त्यामुळे सरांचं लिहिलेलं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा नेटकं होतं आणि बोललेलं मात्र थेट खुलताबादच्या घाटातलं. ऐन तारुण्यात त्यांनी त्या दक्षिणेकडच्या खाडीवर राहून शिनाण्यांवर प्रबंध केला होता. तिकडेच नोकरी मिळत होती. वडिलांचं दुखणं आलं, सर परत आले, इथे लागले, इथेच राहिले. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. कुणी चेष्टेने विचारलं, "सर, तुमचा समुद्र कुठंय?" तर ते जायकवाडीच्या दिशेला हात करायचे. "धरणाच्या पलीकडं. जरा पुढं."

जून लागता लागता आम्ही दोर आणायला जायचो. आम्ही म्हणजे सर आणि मी, कारण विभागातल्या बाकी प्रत्येकाच्या घरी जूनमध्ये नेमकं लग्न निघायचं. दोर गोणपाटात भरून एसटीच्या टपावर टाकायचे. एका वर्षी पावसामुळे टपावर जागा नव्हती आणि पोती आत, शेवटच्या बाकाखाली ठेवावी लागली. घाट चढेपर्यंत अर्धी बस खिडक्यांना तोंड लावून बसली होती. कंडक्टर नाकाला उपरणं लावून मागे आला.

"ओ चाचा, काय मेलंय ह्यात?"

"सगळं," सर म्हणाले. "तेच तर काम हाय."

"आन ह्या बाई?"

"त्या जित्या हायेत. आमच्याच कॉलेजात हायेत."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या प्रवासात वाचायला म्हणून घेतलेल्या पुस्तकाची पानं पुढे वर्षभर मला नुसती उघडताही येत नव्हती, असा वास त्यात बसला.

सुरुवातीला दोर कॉलेजच्या गच्चीवर वाळायचे. आपल्याकडचं ऊन कोरडं, हवा कोरडी; कोकणात जूनमध्ये रुमाल वाळत नाही, हे सरांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण जून-जुलैत आपल्याकडेही सरी येतातच. ढग दिसला की सर वर्ग अर्धवट सोडून गच्चीवर धावत, त्यांच्यामागे मी, आणि आम्ही ताडपत्री ओढत असू. खाली मुलं बाकं वाजवत. दोर वाळला की नाही हे ठरवायची सरांची एक पद्धत होती. दोर दोन्ही हातांत धरून कानाजवळ न्यायचा आणि वाकवायचा. आत वाळलेलं मीठ करकरत बाहेर गळलं पाहिजे. मीठ गळलं तर दोर सुका. मीठ नाही गळलं तर परत उन्हात. ही पद्धत त्यांनी खाडीवरच्या बायकांनाही शिकवली होती.

मग कॉलेजची तपासणी आली. बाहेरगावाहून समिती येणार, भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, मलाही बोलावलं, कारण सर ऐकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं आणि निदान कुणीतरी ऐकावं अशी त्यांची इच्छा असावी.

"सर, समिती जाईपर्यंत ते दोर उतरवा. हात जोडतो."

"उतरवून ठेवू कुठं? खोलीत घातले की ओल धरतील."

"धरू द्या ना! दोरच आहेत!"

सर माझ्याकडे वळले. "बाई, सांगा यांना."

दोर उतरले नाहीत. समितीचे अध्यक्ष जिन्यातच थबकले आणि वास कसला म्हणून त्यांनी विचारलं. प्राचार्य गटाराचं काहीतरी बोलत होते, तेवढ्यात सर पुढे झाले. "या ना साहेब, दाखवतो." त्यांनी त्या गृहस्थांना गच्चीवर नेलं, नखाएवढ्या शिंपल्याची सगळी कुळकथा सांगितली आणि शेवटी त्यांच्या कानाशी दोर वाकवला. काळ्या सुटाच्या खांद्यावर मीठ सांडलं. अध्यक्ष खाली आले ते खांदा झटकत आणि, मला मान्य करायला हवं, हसत. प्राचार्य हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी सरांना सांगितलं, या इमारतीवर एक तर दोर राहतील, नाहीतर मी. त्यानंतर दोर सरांच्या पडेगावच्या घरी गेले.

याने माझा त्रास कमी झाला आणि भाभींचा सुरू झाला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मास्तरांनी सुकट विकायचा धंदा काढला. बायका वाटी घेऊन दारात यायच्या. "भाभी, सुकट हाय का? बोंबील नसला तर जवळा चालंल." भाभी आधी समजावून सांगायच्या. पुढे पुढे "संपली" एवढंच म्हणायला लागल्या. त्यांच्या बहिणींनी जून ते ऑक्टोबर त्या घरी येणं सोडलं. मी एकदा सरांना म्हटलं, "भाभींचा तरी विचार करा." तर म्हणाले, "केला की. त्यांच्या कपड्यांची दोरी खाली अंगणात बांधून दिली."

आणि हे फक्त खाडीपुरतं असतं तरी चाललं असतं. आमच्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, जालना रोडवरच्या एका लॉनवर. जेवणाच्या प्रत्येक टेबलावर शोभेला काचेचं भांडं आणि त्यात दोन-दोन लाल मासे. सर जेवले नाहीत. अक्षता पडल्या पडल्या त्यांनी वधूपित्याला गाठलं.

"उद्या हे मासे कुठं जाणार?"

"सोडून देऊ की सर तळ्यात. तेवढंच पुण्य."

"पुण्य तुमच्या पदरात. तळ्याच्या पदरात काय?"

"सर, पोरीची पाठवणी आहे हो आज."

"पोरगी नांदायला चालली. हे मासे तळ्यात नांदणार नायत, तळं खाणार हायेत."

वधूपित्याने शेवटी वैतागून, घेऊन जा सगळे, असं सांगितलं. सरांना तेवढंच हवं होतं. त्या रात्रीच्या जेवणाला मी पैठणी नेसले होते. ती नेसून, सरांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर पाण्याच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन मी क्रांती चौकापर्यंत आले. एक पिशवी सिग्नलला फुटली. ते मासे नंतर प्रयोगशाळेत पुष्कळ वर्षं जगले. सरांना ते अजिबात आवडत नसत. "फालतू जात," म्हणायचे, आणि रविवारीसुद्धा त्यांना खायला घालायला यायचे.

निवृत्त झाल्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. उलट आता त्यांना रजाही काढावी लागत नव्हती. मला मात्र लागायची. मे संपत आला की फोन. "बाई, निघायचं ना?" मी दरवर्षी नाही म्हणायचं ठरवत असे.

त्या शेवटच्या जूनमध्येही आम्ही दोर आणले. खाडीवरच्या बायकांची प्रमुख आहे तिला आम्ही वहिनी म्हणतो. निघताना ती सरांना म्हणाली होती की बंदरातला एक व्यापारी तयार दोर देतो म्हणतो आहे, बी लागलेले, नुसते आणून टांगायचे. गटातल्या काही जणींचं मन तिकडे ओढत होतं. बी खरवडायला ओहोटीला खडकांवर तासन्तास वाकावं लागतं, हात फाटतात. सर म्हणाले, "ओला दोर एक बी येऊ द्यायचा नाय. मी ऑक्टोबरात सुके दोर घेऊन येतो. तोवर थांबा." वहिनी थांबते म्हणाली. आणि सप्टेंबरात सर गेले.

जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या फातिह्याला मी पडेगावला गेले. अंगणाच्या भिंतीवर दोर लटकत होते. स्वच्छ. पांढरे. पाणी ठिबकत होतं. सरांचे दोन भाचे बाह्या वर करून उभे होते. थोरला म्हणाला, "मॅडम, मौतचं घर हाय. लोक यायलेत, हा वास बरा दिसतो का? आम्ही दोघांनी सगळे घासून काढले. टँकर मागवला." त्याच्या तोंडावर, काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं.

भाभी आतल्या खोलीत होत्या. इद्दतीमुळे त्यांना आता काही महिने घराबाहेर पडायचं नव्हतं. "मी आतून पाण्याचा आवाज ऐकत होते," त्या म्हणाल्या. "समजलं मला, काय करायलेत ते. पण पोरं मामूसाठीच करत होती. कशी अडवू?"

शास्त्र म्हणून यात काही बिघडलेलं नव्हतं. तीन महिने उन्हात पडलेल्या दोरांवर जिवंत काही उरलेलं नव्हतं, आणि टँकरच्या पाण्यात खाडीचा शिंपला नसतो. मी ते दोर पुन्हा गच्चीवर घातले, रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन उलटेपालटे केले आणि ऑक्टोबरात ते कडकडीत वाळले. चिकलठाण्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा छोटा टेम्पो ठरवला. ड्रायव्हरने पोती चढवताना विचारलं, "मॅडम, समुद्रावर दोर भेटत नाय का?" हा प्रश्न मला स्वतःला वर्षानुवर्षं पडत आलेला होता.

खाडीवर पोचले तेव्हा सगळ्या बायका किनाऱ्यावर होत्या. बी खरवडून आणलेलं, ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं. ते फार थांबणार नव्हतं. आणि जेट्टीपाशी व्यापाऱ्याची होडी लागलेली. तिच्यात त्याचे तयार दोर होते, ओले, काळे. मी लांबूनच बघितलं. त्या काळ्यात नेमकं काय आहे ते जवळ जाऊन बघायची मला गरज वाटली नाही.

वहिनीने सरांबद्दल विचारलं, डोळे पुसले आणि पहिलं पोतं उघडलं. एक दोर उचलला, कानाशी नेला, वाकवला. मग दुसरा. मग तिसरा.

"मॅडम, ह्यातसून मीठ गळणा नाय."

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. दोर धुतले, मीठ गेलं.

"वहिनी, दोर सुके आहेत. हात लावून बघा."

"ता खरा. पण मीठ खय आसा? सरांनी सांगितला, मीठ गळला तर दोर सुको. नायतर पाण्यात घालूचो नाय."

"धुतलेत ते. मीठ धुऊन गेलं, म्हणून."

धुतले म्हटल्यावर एक तरुण बाई पुढे आली. तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. "धुतलेलेच चलतत तर मग बंदरातले काय वायट? तेपण धुवन देतंत. तेंका बी तरी लागलेला आसा. आमी हात कित्याक फाडून घेवचे?"

दोन-चार जणींनी मान डोलावली. व्यापाऱ्याचा माणूस होडीतून ऐकत होता. मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून शिकवते. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी सांगितलं की आमच्या गावाला खाडी नाही, त्या पाण्यात हा शिंपला असूच शकत नाही, दोर आधी तीन महिने वाळले होते. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हे सगळं त्यांनी सरांकडून माझ्यापेक्षा चांगलं ऐकलेलं होतं. शेवटी मी म्हटलं, "सर गेले तेव्हा घरी माणसं यायची होती. वास येत होता. म्हणून भाच्यांनी सगळं घर धुतलं, त्यात दोरही धुतले."

वहिनी त्या तरुण बाईकडे वळली.

"मयताचा घर आपण धुतत नाय? तेंनीपण धुतल्यानी. तेंची चूक नाय." मग माझ्याकडे. "पण मॅडम, मीठ नाय ता नाय. सर असते तर तुमच्या बोलण्यार दोर पाण्यात घातल्यानी असते?"

नसते घातले. मी हे मनातल्या मनात कबूल केलं आणि मला संताप आला. सर पुरले गेले होते आणि ही बाई त्यांचंच डोकं घेऊन माझ्यापुढे उभी होती.

"सड्यार घाला सगळे," वहिनी म्हणाली. "माज्या डोळ्यांसमोर सुकांदेत. बी भिजवून ठेवू. आणि ती होडी परत धाडा."

"आणि बी मेला तर?" तरुण बाई म्हणाली.

"थोडा मरात. खाडी तरी आपली रवात."

मग त्या तरुण बाईनेच एक पोतं ओढलं आणि डोक्यावर घेतलं. जाता जाता म्हणाली, "ह्या सरांनी मरानपण सुटका नाय केल्यानी." दोन-तीन जणी हसल्या. व्यापाऱ्याच्या माणसाने इंजिन सुरू केलं.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा कातळाचा सपाट माळ. ऑक्टोबरचं ऊन त्या काळ्या दगडावर असं तापलं होतं की चप्पल काढवत नव्हती. दोर पसरले. दुपारपर्यंत वाळलेल्याच दोरांना नव्याने वाळताना मी बघत बसले, आणि मग जे इतकी वर्षं विचारायला हवं होतं ते मी वहिनीला विचारलं. हा सडा मे महिन्यातही असाच तापत असेल ना?

"तापता तर. मे म्हयन्यात पाय जळतत."

"मग काढणी आठ दिवस अलीकडे घेतली, तर दोर इथेच सुकतील."

"आमच्या सड्यार ऊन कमी आसा काय, मॅडम? आदी आमी हयच सुकवीत होतो."

"मग औरंगाबादला का देत होतात?"

ती एक दोर उलटा करत होती. काम न थांबवता म्हणाली, "सर दर वर्साक विचारीत, दोर न्हेव काय? नको कसा म्हणूचा तेंका? दर्या सोडून थय जावन रवलो माणूस. कायतरी न्हेवचा वाटत असतला."

मला हसू आलं नाही. मला एसटीचा शेवटचा बाक आठवला, प्राचार्यांचा चेहरा आठवला, भाभींच्या न येणाऱ्या बहिणी आठवल्या. सरांना सडा माहीत नव्हता असं होणंच शक्य नव्हतं. त्याच कातळावर बसून डबा खाताना मी त्यांना किती तरी वेळा पाहिलं होतं. पंचा डोक्यावर घेऊन, खाडीकडे तोंड करून. मी त्या उन्हात बसून त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. चांगल्या कॉलेजच्या बाईला येऊ नयेत अशा. वहिनीला त्यातल्या निम्म्या तरी समजल्या असाव्यात. ती तांब्याभर पाणी माझ्यापुढे ठेवून गेली.

दोन दिवसांनी दोर पाण्यात गेले. बी काही मेलं, काही लागलं. त्या वर्षी तराफा अर्धाच भरला आणि दोन बाया गट सोडून गेल्या. पट्ट्या बांधलेली राहिली.

मी आता जूनमध्ये कुठे जात नाही. मे महिन्यात जाते, काढणीच्या वेळी, आणि परत येते ती रिकाम्या हाताने. किड्यांचं काम पुन्हा हाती घेतलं आहे. ते हळू चाललं आहे. भाभी खुलताबादला भावाकडे राहतात. बंदराकडच्या खाडीत तो बारका शिंपला खांबाखांबावर आहे, आणि तिथली शिनाण्यांची शेती बंद पडली आहे. वहिनीच्या खाडीत, या मे महिन्यात मी एकेक दोर हाताने चाचपून बघितला तोवर, तो नाही.